काकांच्या रायफलची नवी नळी

प्रभाकरकाका काडतुसं भरायला बसले की रेडिओ बंद व्हायचा आणि काकूंनी हाक मारायची नाही, असा घरचा कायदा होता. काकू चहाचा कप गॅरेजच्या पायरीवर ठेवून मुकाट्याने परत जायच्या. मध्येच कुणी बोललं तर काका काट्यावर मोजलेली बारूद परत डब्यात ओतून पहिल्यापासून सुरुवात करायचे. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा मी दारातूनच "नमस्कार काका!" म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे न बघता बारूद ओतून दिली. मग हसले. "आता बोल. आता काही बिघडत नाही."

मिशिगनमधल्या नोव्हायजवळ मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत आम्ही दोघं मोजमापाच्या खोलीत कामाला होतो. तिथे तिसरा होता फ्रँक. काका मूळचे चंद्रपूरचे. इथल्या सहकाऱ्यांबरोबर दर नोव्हेंबरात उत्तरेकडे हरणाच्या शिकारीला जायचे. मी सांगलीची, विलासशी लग्न होऊन आलेली, त्या खोलीतली एकटी बाई. पहिल्या आठवड्यात कुणी माझ्याशी धड बोलत नव्हतं, तेव्हा काकांनी मी मोजलेला एक भाग स्वतः पुन्हा मोजला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "हिचा आकडा बरोबर आहे. माझा चुकला होता."

त्यांची रायफल जुनी होती. वर्षानुवर्षं वापरून नळी आतून झिजली होती, म्हणून त्या वसंतात त्यांनी एका कारागिराकडून नवी बसवून घेतली. पण जुन्या मापाने भरलेली काडतुसं नव्या नळीतून भलतीकडेच जायला लागली. "नवी नळी म्हणजे नवा संसार," काका म्हणाले. "तिला काय मानवते ते शोधावं लागते. तू येशील का शनिवारी? तुझा हात स्थिर आहे, अन् अक्षर चांगलं."

मी गेले आणि मग जातच राहिले. काका बारूद किंचित वाढवायचे, नेमबाजीच्या रेंजवर पाच गोळ्या झाडायचे, नळी थंड होऊ द्यायचे. निशाणाच्या कागदावरच्या भोकांमधलं अंतर मी मोजून वहीत लिहायची. मी घाई केली की ते म्हणायचे, "कायले घाई करून राहिली पोरी? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कोणामुळे काय झालं, देवालाही सांगता येत नाही." एकदा चार गोळ्या नाण्याएवढ्या जागेत बसल्या आणि पाचवी लांब गेली. "ही सोडून देऊ या, तुमचा हात हलला," मी म्हणाले. काका खरोखरच चिडले. "गेली ना ती गोळी? मग लिही!"

त्या पाचव्या गोळीचं कारण मीच शोधलं. गोळीचं टोक मऊ शिशाचं असतं आणि प्रत्येकीचं जरासं वेगळं. आम्ही काडतुसाची लांबी त्या टोकापासून मोजत होतो, तिथेच फसत होतो. मी एका लोखंडी नटाचं भोक बेताचं मोठं केलं, तो गोळीच्या जाड भागावर बसवला आणि तिथून मोजायला लागले. पुढच्या शनिवारी पाचही भोकं एकमेकांना चिकटली. काकांनी तो कागद ऑफिसात नेऊन फ्रँकला दाखवला, सुपरवायझरला दाखवला. "धिस गर्ल," ते सांगत सुटले, "शी फाउंड इट, नॉट मी."

सप्टेंबरच्या अखेरीस मला त्यांना सांगावंच लागलं. "काका, मी आता रेंजवर येणार नाही. डॉक्टरांनी या दिवसांत शिशापासून लांब राहायला सांगितलंय." त्यांना समजायला क्षणभर लागला. मग त्यांचे डोळे भरून आले.

"अजून कुणालाच माहीत नाही," मी म्हणाले. "ऑफिसात तर मुळीच नको."

"माझ्या तोंडून निघणार नाही."

त्यानंतरचे तीन शनिवार मी त्यांच्या घरी फक्त जेवायला गेले. काकूंना मी स्वतःच सांगितलं होतं; मला काय खावंसं वाटतं ते विचारून त्या करायच्या. काका समोर बसून आग्रहाने वाढायचे.

ऑक्टोबरात कंपनीने माणसं कमी केली. आमच्या खोलीतून मला काढलं. का, असं विचारलं तेव्हा सुपरवायझर अवघडून म्हणाला, "तुला बाळ होणार आहे ना, मग तू घरी थांबशीलच असं वाटलं. बाळाचं प्रभाकरने सांगितलं. तीन आठवडे झाले."

तीन आठवडे. म्हणजे मला आग्रहाने वाढत होते तेव्हा ते सांगून बसले होते.

मी सरळ त्यांच्या गॅरेजमध्ये गेले. काका काट्यासमोर बसले होते. मला बघून उठले नाहीत.

"कोणाला तरी काढणारच होते," ते म्हणाले. "फ्रँकला तीन लेकरं. मला या वयात कोण घेणार? तुझ्या घरी विलासचा पगार आहे."

"मग मला आधी सांगायचं."

"कसं सांगू?" त्यांनी काट्यावरची बारूद डब्यात ओतली. मग हलकेच म्हणाले, "अन् मी खोटं काय सांगितलं, सुनंदा?"

"खरंच होतं काका. म्हणून तर तुम्हाला एकट्याला सांगितलं होतं."

नोव्हेंबरच्या शेवटी दुपारी दाराची बेल वाजली. काकू डबा घेऊन उभ्या होत्या. "पहिल्याच गोळीत पडलं म्हणे हरीण. तुझ्याच मापाची काडतुसं ना! खाशील का? बरं, नोकरी कशी काय सोडलीस गं एकदम? घरात बसवेल तुला?"

काकांनी काय केलं ते त्यांना माहीतच नव्हतं. गप्प राहावं असं मला वाटलं. त्या बाईने माझे डोहाळे पुरवले होते. पण माझ्याच्याने राहवलं नाही.

"काकू, मी सोडली नाही. मला काढलं. माझे दिवस राहिल्याचं काकांनी ऑफिसात सांगितलं."

त्यांनी डबा माझ्या हातात दिला, माझ्या गालावरून हात फिरवला आणि वळल्या. रस्त्याच्या कडेला गाडी चालू ठेवून काका आत बसले होते. त्यांनी वाकून पुढचं दार उघडून धरलं. काकूंनी ते लोटून दिलं आणि त्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या. गाडी बराच वेळ तशीच उभी होती.