परसुभाऊंची ओझ्याची गाडी

परसुभाऊ गेल्याची बातमी मला आमच्या जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. कॉलेजला निघता निघता फोन उघडला, तर समोर पिकअपचा फोटो. हिरवी, गोल नाकाची, घासूनपुसून चकचकीत केलेली. बोनेटवर कुणीतरी फोनवरच चिकटवलेला झेंडूचा हार आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. क्षणभर वाटलं, गाडीलाच काहीतरी झालं... मग नाव वाचलं. परसराम राठोड. ज्याला श्रद्धांजली वाहिली जात होती तो माणूस त्या फोटोत कुठेच नव्हता. खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली होती आणि त्या रांगेत एकाने विचारून टाकलं होतं, 'गाडीचं आता काय?'

महिना उलटून गेला, तरी त्या प्रश्नाचा राग माझ्या डोक्यातून उतरलेला नाही. कारण ज्या ग्रुपवर हे हात जोडले जात होते, त्याच ग्रुपमधून आम्ही परसुभाऊंना मागच्या हंगामात काढून टाकलं होतं. 'आम्ही' असंच म्हणतो. बटण दाबणारं बोट एकाचं होतं, पण त्या बोटाशेजारी मी चहा पीत बसलो होतो.

मी यवतमाळला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. वडिलांची जुनी स्कूटर दुरुस्त करता करता या नादाला लागलो आणि मंडळात शिरलो. मंडळाचे कर्ते म्हणजे वणीचे वानखडे साहेब. त्यांचा कोळसा वाहतुकीचा धंदा, घरी तीन-चार जुन्या मोटारी आणि इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दोष सांगणारे कान. तिसरा दिग्रसचा गजू, डेंटिंग-पेंटिंग करणारा. पिकअपचा पत्ता गजूनेच लावला. दिग्रसपासून थोड्या अंतरावरच्या एका तांड्यावर, घरामागे, दोडक्याच्या वेलाखाली ती उभी होती. केबिनमध्ये कोंबड्या अंड्यांवर बसलेल्या, मागच्या हौद्यात शेळ्या. वानखडे साहेब तिच्याभोवती फिरले आणि त्यांनी तिथल्या तिथे विकत मागितली. परसुभाऊ दारात उभे राहून तंबाखू मळत होते. म्हणाले, "इकाची नाई साहेब. चालू करून द्याल त करा."

"चालू करून काय करता तुम्ही?"

"गाडीनं काय करतेत? माल नेतेत."

वानखडे साहेब हसले. मीही हसलो. आम्हाला तो विनोद वाटला.

तो विनोद नव्हता. ही पिकअप परसुभाऊंच्या बापाने दिग्रसच्या एका जिनिंगमधून जुनीच घेतली होती. त्याच्याही आधीच्या पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरलेल्या. ओझं वाहणं हे त्या घराचं काम होतं आणि बैलांनंतर ही गाडी आली होती. बाप असेपर्यंत तांड्यातला कापूस हिच्यातूनच दिग्रसच्या बाजारात जायचा. मग इंजिन बसलं, बाप गेला आणि गाडी वेलाखाली गेली. परसुभाऊंना तिला पुन्हा ओझ्याला लावायचं होतं. एवढंच. हे त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं आणि नंतरही प्रत्येक रविवारी या ना त्या शब्दांत सांगितलं. आम्ही मात्र जे ऐकायचं होतं तेच ऐकलं. ठरलं असं, की आम्ही गाडी उभी करायची आणि त्यांनी ती आमच्या मेळाव्यांना आणायची.

दोन हिवाळे आम्ही रविवारी तांड्यावर जात होतो. ते दिवस चांगले होते, हे रागातसुद्धा नाकारता येत नाही. मी कार्बोरेटर उघडून ब्रशने एकेक भोक साफ करत बसायचो. पिस्टनच्या रिंगा वानखडे साहेबांनी कुठून कुठून मिळवल्या, पुढच्या चाकांचे बुश वणीत लेथवर करून आणले. अमरावतीचा एक सदस्य, कधी न भेटलेला, त्याने ब्रेकचे सिलिंडर कुरिअरने पाठवले. हौद्याच्या तळाला सागाच्या फळ्या परसुभाऊंनीच दिल्या. गजूची बडबड चालू असायची. "परसुभाऊ, हे गाडी जेवढे किलोमीटर चालली नसन ना, त्याच्याहून जास्त अंडे निंगाले हिच्यातून." परसुभाऊ म्हणायचे, "मंग तू कायले मेहनत करून राह्यला? कोंबड्यायलेच ठेव न कामाले." मला म्हणायचे, "सर, सोमवारी पोरायले शिकवता का तेथीसा बी प्लगच साफ करता?" दुपारी जमनावहिनी ज्वारीची बाटी, म्हणजे भाकरीच, आणि मिरच्यांचा ठेचा घेऊन यायच्या. आम्ही हौद्यातच पाय सोडून जेवायचो. वानखडे साहेब स्वतःचा डबा आणि स्वतःचं पाणी आणायचे. ॲसिडिटी आहे म्हणायचे. दोन हिवाळे ती ॲसिडिटी फक्त तांड्यावरच व्हायची, आणि मी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

आता त्या रविवारचं. हौद्याच्या दोन्ही बाजूंना परसुभाऊंच्या बापाने लोखंडी उभ्या दांड्या आणि त्यांना जाड कड्या वेल्ड करून घेतल्या होत्या. सुटा कापूस फुगतो. बाजू उंच असल्याशिवाय आणि वरून बांधल्याशिवाय तो नेता येत नाही. आम्हा हौशी लोकांचा मात्र एक आजार आहे. गाडी कारखान्यातून निघाली तशी दिसली पाहिजे. त्यानंतर कुणी तिच्यावर काही केलं असेल, तर तो डाग. मी फोनवर एक जुना कंपनीचा फोटो शोधून काढला होता आणि मोठ्या अभिमानाने दाखवला. "बघा साहेब, यात दांड्या नाहीत." बस, एवढं पुरे होतं. परसुभाऊ आमच्यासाठीच मटण आणायला दिग्रसला गेले होते. ते परत येईपर्यंत गॅस कटरने सगळ्या दांड्या कापून खाली पडल्या होत्या आणि गजू त्यांच्या जागा ग्राइंडरने घासत होता. परसुभाऊ पिशवी हातात घेऊन उभे राहिले. वाकले, एक कडी उचलली. ती अजून गरम होती, म्हणून या हातातून त्या हातात घेत राहिले.

"सर, आता कापूस कायले बांधू?"

मी म्हणालो, "परसुभाऊ, ओरिजिनल असंच असते."

हे वाक्य मी उच्चारलं. बापाने कामासाठी केलेलं काम ओरिजिनल नाही, आणि कुठल्या तरी छायाचित्रकाराने कधी काळी एक पोतंही न टाकता काढलेला फोटो ओरिजिनल. असं मी त्या माणसाला त्याच्याच अंगणात सांगितलं. त्यांनी कडी खाली ठेवली आणि मटणाची पिशवी आत नेली. त्या दिवशी आम्ही जेवलो पण... चांगलं जेवलो.

गाडी सुरू झाली तेव्हा अख्खा तांडा गोळा झाला होता. हँडल मारल्यावर ती दोनदा खोकली आणि धरली. परसुभाऊंनी बोनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्यांना वाटलं, झालं. आम्हाला वाटलं, आता सुरुवात. पुढच्याच महिन्यात यवतमाळला मेळावा होता. वानखडे साहेबांनी परसुभाऊंना लाल पागोटं बांधायला लावलं. परसुभाऊ एरवी टोपीसुद्धा घालत नसत. त्यांना गाडीशेजारी उभं केलं. लोक येत, फोटो काढत, त्यांना जरा डावीकडे सरकायला सांगत. माइकवरचा माणूस 'गाडीचे जुने मालक' म्हणाला. चषक वानखडे साहेबांनी स्वीकारला. परसुभाऊ मला म्हणाले, "जुना मालक कसा काय झालो सर मी? मले कोणी काई बोललं नाई." मी म्हणालो, बोलण्याच्या ओघात निघालं असेल. मंडळाने मग आपसांत एक नियमच करून टाकला, की या गाडीत माल भरायचा नाही, सागाच्या फळ्यांचं पॉलिश जातं. गाडी त्यांची, फळ्या त्यांच्या, आणि नियम आमचा. हे आज लिहितानाही लाज वाटते आणि तितकीच चीड येते.

कापसाचा हंगाम आला. तांड्यातल्या एका बाईच्या घरात कापूस पडून होता, भाड्याची गाडी मिळत नव्हती. परसुभाऊंनी बांबू उभे केले, दोऱ्यांची जाळी केली आणि कापूस भरून दिग्रसला नेला. रस्त्यात कुणीतरी फोटो काढला, तो फिरत फिरत ग्रुपवर आला. मी त्या वेळी वणीत वानखडे साहेबांच्या ऑफिसात होतो. त्यांनी स्पीकरवर फोन लावला.

"परसराम, काय लावलं हे? पॉलिशचं वाटोळं केलं."

"साहेब, कापूस व्हता. नेला."

"मालवाहू टेम्पो कमी आहेत का दिग्रसमध्ये?"

"हे बी मालवाहूच हाय साहेब. तुमीच त चालू करून देली."

साहेबांनी फोन ठेवला आणि तिथल्या तिथे त्यांना ग्रुपमधून काढलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "या लोकांना किंमत नसते." समोर बसून मी काय केलं? चहाचा कप बशीत ठेवला. परसुभाऊंनी मला नंतर एकदा फोन केला होता. फक्त एवढंच विचारलं, "सर, कापूस नेल्यानं गाडीले काई होते काय? इंजिनाले म्हन्तो मी." मी म्हणालो, इंजिनाला काही होत नाही. "बस मंग," म्हणाले. आमचं ते शेवटचं बोलणं. पुढे एका पहाटे शेताकडे जायला उठले, खाटेवर बसले आणि तसेच कलंडले.

मंडळाची शोकसभा यवतमाळच्या एका हॉटेलात झाली. परसुभाऊंवर चार वाक्यं आणि गाडीवर तासभर. वानखडे साहेबांनी कल्पना मांडली, की हायवेवर त्यांच्या ओळखीच्या हॉटेलसमोर काचेच्या खोलीत गाडी ठेवावी, परसरामचं नाव अमर होईल. टाळ्या पडल्या. मी उठून बोलायला हवं होतं. त्याऐवजी, त्यांनी विचारलं म्हणून, घरच्यांशी बोलायला त्यांच्यासोबत जाण्याचं कबूल केलं. मनाशी म्हटलं, तिथे गेल्यावर बोलू. माझं सगळं बोलणं नेहमी पुढच्या मुक्कामावर असतं.

आम्ही साहेबांच्या नव्या मोटारीतून गेलो. अंगणात गाडी नव्हती. जमनावहिनी सुपात तूर पाखडत होत्या. साहेबांनी आधी दुःख व्यक्त केलं, मग इकडेतिकडे पाहिलं.

"गाडी कुठं आहे वहिनी?"

"कामाले गेली."

"कुठल्या कामाला?"

"तुरीचे पोते नेले दिग्रसले. रेणुका घेऊन गेली." रेणुका म्हणजे थोरली मुलगी, आईजवळच राहते. साहेबांचा चेहरा मी पाहिला आणि, खरं सांगतो, त्या दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. त्यांनी काचेच्या खोलीचं सांगितलं. वहिनींनी सूप खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं. "काचात ठेवसान त तांड्याचं कोन नेईन?" एवढंच विचारलं आणि पुन्हा पाखडू लागल्या.

थोड्या वेळाने गाडी आली. हौद्याच्या कडेचा हिरवा रंग दोरांनी खरवडून निघाला होता. पोती उतरली होती, पण हौदा भरलेला होता. कुणाचं कपाट, कुणाचा गॅस सिलिंडर, शाळेची दोन बाकं, एक म्हातारी आणि तिची शिवणयंत्राची पेटी. मी रेणुकाला विचारलं, हे सगळं काय. "बापू वापस कधीच खाली नाई आले, सर. जाताना माल, येताना ज्याचं जे असन ते. रिकामी गाडी आणली का आजा रागवत व्हता म्हणे त्यायले." दोन हिवाळे त्या माणसाच्या अंगणात बसून मला ही गोष्ट माहीत नव्हती. मी विचारलीच नव्हती.

साहेब तिला काचेची खोली समजावू लागले. तिने मध्येच थांबवलं. "साहेब, जरा सरका बाजूले. कपाट उतरवाचं हाय." साहेब सरकले. मी त्या वेळी बोललो. मोठं भाषण नाही. म्हणालो, "साहेब, गाडी कुठं जाणार नाही. हा विषय परत काढायचा नाही, आणि मंडळात मी आता नाही." साहेब म्हणाले, "सर, तुम्ही भावनेच्या भरात बोलता." ते मोटारीकडे निघाले. उशीर फार झाला होता. ज्याच्या समोर हे बोलायला हवं होतं तो माणूस नव्हता.

निघताना वहिनींनी मला हाक मारली. "सर, यवतमाळले चालले न? रिकामेच काहून चालले?" आतून त्यांनी एक पोतं ओढत आणलं. तुरीची डाळ, वांगी, थोडं ज्वारीचं पीठ. नातू यवतमाळला खोली करून शिकतो, त्याला द्यायचं. मी पोतं उचलून मोटारीच्या डिकीपाशी नेलं. साहेब म्हणाले, "पिठाचं आहे का? डिकीत सांडेल हो. नवीन गाडी आहे."

मी डिकी उघडलीच नाही. साहेबांना जायला सांगितलं. रेणुकाने मला पिकअपमधून दिग्रसच्या स्टँडपर्यंत सोडलं. मागे हौद्यात कुणाचे तरी रिकामे क्रेट परत जायला निघाले होते. यवतमाळच्या एसटीत जागा मिळाली, पण पोतं वर रॅकवर मावेना. मांडीवर घेतलं. पीठ शिवणीतून बारीक गळत होतं, पँट पांढरी झाली, आणि दारव्ह्याच्या पुढे पाय बधिर झाले... तरी मी ते पोतं खाली ठेवलं नाही.