दिव्यांभोवतीची कडी

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी साताऱ्यात निवृत्त चित्रकला शिक्षक कदम सर यांच्या चित्रांचे प्रदर्शन उघडले. बाराही चित्रे टेकडीवरून दिसणाऱ्या रात्रीच्या शहराची होती. आकाश गडद निळे आणि प्रत्येक दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखे कडे.

“सर, तुम्ही तर त्या फ्रेंच चित्रकारांच्या पंगतीत बसलात,” एक जुना विद्यार्थी म्हणाला. सर खूश झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये रंगवणाऱ्या उत्तर-दृक्‌प्रत्ययवादी (पोस्ट-इम्प्रेशनिस्ट) चित्रकारांनी रात्र काळ्या रंगातून सोडवली. ताऱ्यांना आणि रस्त्यावरच्या दिव्यांना त्यांनी दिसते त्याहून मोठे तेज दिले. त्या तेजाला आपण मनाची खळबळ म्हणतो. चित्रकाराच्या डोळ्यांची चौकशी सहसा कोणी करत नाही.

त्या संध्याकाळी ती एका बाईंनी केली. त्या डोळ्यांच्या डॉक्टर होत्या. मी शेजारीच उभा होतो.

“सर, ही कडी मनानं काढलीत?”

“मनानं कशाला? दिसतात तशी काढली. तुम्हाला नाही दिसत?”

बाईंनी सरांच्या डोळ्यांकडे निरखून पाहिले. “संध्याकाळी डोकं दुखतं का हो?”

“वर्षभर दुखतंय. चष्म्याचा नंबर वाढला असेल.”

“उद्या सकाळीच दवाखान्यात या. प्रदर्शन राहू दे बंद.”

सोमवारी तपासणी झाली. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला; डोळ्यांतला दाब वाढल्यानेच सरांना दिव्यांभोवती कडी दिसत होती. उजव्या डोळ्यावर त्याच दिवशी लेसरचे उपचार झाले. डाव्या डोळ्याला उजेड-अंधाराखेरीज काही दिसत नव्हते. तपासणीसाठी उजवा डोळा झाकला, तेव्हा हे सरांना पहिल्यांदा कळले.