पाव दुधात भिजवून

अरे काट्या,

बेकरीवाल्याची भट्टी थंड होती म्हणून तुझा मीटलोफ बिघडला, असं तू सध्या भेटेल त्याला सांगत सुटला आहेस. ते साफ खोटं आहे. भट्टी चांगली रसरसलेली होती. मी तुझी मोठी बहीण, त्या जेवणाला हजर होते, आणि चार घास गिळलेसुद्धा आहेत. म्हणजे साक्ष द्यायचा हक्क मी कमावलाय. तेव्हा मुकाट्याने ऐक. तुला ‘तू’ म्हणून काही सांगायला गेलं की तू मध्ये तोंड घालतोस, म्हणून इथून पुढे तुला ‘तो’ म्हणते. तिऱ्हाइताची हकीकत असली की तू कान देऊन ऐकतोस. घरच्यांचं कधी ऐकलं आहेस?

तर तो वजनमापे खात्यात निरीक्षक होता. ‘काटा’ हे नाव त्याला बाजाराने दिलं. तराजूचा काटा आणि पायात मोडतो तो काटा, दोन्ही अर्थ लोकांच्या मनात होते. त्याला मात्र पहिलाच अर्थ ऐकू आला आणि तो जन्मभर त्या नावावर खूश राहिला. पितळी वजनांची पेटी घेऊन तो गल्लीच्या तोंडाशी दिसला की दुकानदारांचे अंगठे आपोआप पारड्यावरून उचलले जायचे. कुणाचं वजन आतून पोखरलेलं आहे, कुणी पारड्याखाली लोहचुंबक चिकटवलंय, त्याला वासावरून कळायचं. माणूस सचोटीचा, यात वाद नाही. पण सचोटीची माणसं लांबून बघायला छान असतात. जवळून त्यांच्याशी संसार करावा लागतो.

निवृत्त झाला तेव्हा खात्याने त्याला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि सुटकेचा निःश्वास सोडला. आता बाजार सुटला आणि घर सापडलं. घरात तपासण्याजोगी एकच गोष्ट रोज नव्याने तयार होत होती, ती म्हणजे बायकोचा स्वयंपाक.

तो ओरडायचा नाही हं. ताट भिरकावणारा नवरा परवडला, शेजारीपाजारी निदान हळहळतात तरी. हा पहिला घास घ्यायचा, डोळे मिटायचा, जीभ टाळ्याला लावायचा आणि म्हणायचा, “किंचित...” बस्स, एवढंच. किंचित काय, ते पुढच्या घासाला कळायचं. किंचित मीठ. किंचित आच. कधी कधी तर पुढे काहीच यायचं नाही, नुसता ‘किंचित’ टेबलावर पडून राहायचा.

त्याच्या बायकोची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. कानाला यंत्र लावून लोकांचं ऐकून घ्यायचं आणि मधे बोलायचं नाही, हेच तिचं काम होतं. घरीही तिने तेच केलं. एके संध्याकाळी सूप वाढलं, याने चमचा तोंडाला लावला, म्हणाला, “किंचित...”

तिने ॲप्रन सोडला, नीट घडी घातली आणि त्याच्या ताटात ठेवला. म्हणाली, “पुढचं ह्याला सांगा.” आणि बॅग भरून मुलाकडे निघून गेली.

हा लोकांना सांगू लागला, “नातवंडांत रमलीय हो.” मुलाला मूलबाळ नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

उकडलेली अंडी खाऊन खाऊन तोंडाची चव गेली तेव्हा कुठे साहेब नाक मुठीत धरून मुलाच्या दारात उभे राहिले. बायकोने पाणी दिलं, बसायला सांगितलं आणि अट घातली.

“एका संध्याकाळी तुम्ही स्वयंपाक करायचा. सगळ्यांना बोलवायचं. तुम्हीच वाढायचं. आणि कुणी कसलीही नावं ठेवली तरी चकार शब्द उलट बोलायचा नाही. जमलं तर मी परत येते.”

“आणि नाही जमलं तर?”

“अंडी महाग झालीयत का?”

म्हणजे पैज साधी होती. एक जेवण आणि तोंडाला कुलूप, बदल्यात बायको घरी. दुसऱ्या कुणीही खिचडीसारखं काहीतरी सोपं शिजवलं असतं, चार टोमणे खाल्ले असते आणि बायकोला घेऊन गेला असता. पण हा पडला खात्याचा माणूस, कायद्यातली पळवाट याच्याइतकी कुणाला ठाऊक! त्याने विचार केला, जो पदार्थ या घरात कुणी कधी खाल्लाच नाही, त्याला नावं ठेवणार कशी? तुलना करायला प्रमाण वजन लागतं. तेच नसेल तर तक्रार टिकत नाही. म्हणून त्याने निवडला मीटलोफ. तोही इटालियन पद्धतीचा, म्हणजे उरलीसुरली तुलनाही समुद्रापार.

कृती सुनेला फोनवर विचारली. सून दातांच्या दवाखान्यात काम करते, सुट्टीच्या दिवशी असले परदेशी पदार्थ करून बघते, आणि सासऱ्याशी तिचं बरं आहे, कारण ती त्याच्या घरी राहत नाही. सासू शेजारच्या खोलीत, त्यामुळे ती दबक्या आवाजात घाईघाईने सांगत होती.

“अर्धा किलो खिमा घ्या, बाबा. पाव दुधात भिजवून ठेवा. मग दोन अंडी, बारीक कांदा, लसूण, किसलेलं चीज, ओरेगॅनो, सगळं कालवायचं. डब्यात दाबून भरायचं, वरून टोमॅटो सॉस. ठेवते, आई आल्या.”

आता कुणीही शहाणा माणूस यातून काय समजेल? बेकरीतला पाव घ्यायचा, दुधात भिजवायचा, कुस्करायचा, खिम्यात घालायचा, म्हणजे खिमा धरून राहतो. पण ज्याचा जन्म वजनांत गेला, त्याने ‘अर्धा किलो’ ऐकलं आणि पाठोपाठ ‘पाव’ ऐकलं, त्याच्या डोक्यात बेकरी कशाला येईल? अर्धा किलो खिमा, पाव लिटर दूध. दुधात खिमा भिजवून ठेवायचा. माप स्पष्ट, सूचना स्पष्ट. सुनेच्या नेमकेपणाचं त्याला कौतुकसुद्धा वाटलं. लगेच मला फोन करून म्हणाला, “ताई, पोरीला मापाची जाण आहे.”

जेवणाच्या दिवशी सकाळपासून खिमा दुधात पोहत होता. जन्मभर नाकाने कांदे सोललेल्या माणसाने त्या दिवशी पहिल्यांदा हाताने सोलला आणि ढसाढसा रडला. चीज किसताना बोटं किसली. मग अंडी फोडून सगळं कालवायला घेतलं तर ते कालवण्याऐवजी ढवळावं लागलं. हाताने उचललं तर बोटांतून गळतंय. डोळ्यांना दिसत होतं की हे काही तरी चुकलंय. पण डोळ्यांवर विश्वास ठेवायचा म्हणजे काय? माप बरोबर आहे ना? झालं तर मग! ज्याने हजार दुकानदारांना “डोळ्यांवर जाऊ नका, मापावर जा” असं सुनावलं, तो आता स्वतःच्या डोळ्यांचं ऐकणार होता थोडाच?

राहता राहिला ओव्हन. तो घरात नव्हता. कोपऱ्यावरच्या बेकरीत भट्टी होती, पण त्या बेकरीवाल्याचा काटा याने एकदा जप्त केला होता आणि भर गिऱ्हाइकांत त्याला “पारड्याला लाज वाटेल” असं बोलला होता. तरी गेला. बायकोसाठी गेला, हे मी त्याच्या बाजूने नोंदवून ठेवते. बेकरीवाल्याकडचाच लांबट डबा घेतला, त्यात ते मिश्रण ओतलं. हो, ओतलंच.

“हे काय आहे, साहेब?”

“मीटलोफ. खिम्याची वीट समजा. इटलीत करतात.”

“इटलीत विटा खातात?” त्याने डब्यात वाकून बघितलं. “वीट म्हणता, पण हे तर गिलाव्यासारखं दिसतंय. पाव घातलाय ना ह्यात?”

“घातलाय. बरोबर मोजून.”

“मोजून?”

“अगदी मापाने मोजून.”

बेकरीवाल्याने मान हलवली. हा पावसुद्धा मोजून घालणार याचं त्याला नवल वाटायचं काही कारणच नव्हतं. डबा भट्टीत सरकवता सरकवता म्हणाला, “आत टाकायच्या आधी वजन करून देऊ का, साहेब? नंतर म्हणाल बेकरीवाल्याने भट्टीत मारलं.”

याने तो टोमणा गिळला. सराव म्हणून, असं मला सांगितलं.

संध्याकाळी आम्ही सगळे टेबलाशी जमलो. बायको, मुलगा, सून आणि मी. बायको पाहुण्यासारखी खुर्चीच्या टोकावर, पर्स मांडीवर. स्वतःच्या घरात माणूस पर्स मांडीवर घेऊन बसतो तेव्हा घरमालकाने समजून घ्यावं. यानेही घेतलं असावं, कारण चेहऱ्याचा रंग त्या टोमॅटो सॉससारखा झाला होता. ॲप्रन तोच, तिचा, घडी मोडून बांधलेला.

डबा आला. वरून लालबुंद, खमंग वास. क्षणभर मलाही वाटलं, बेट्याने करून दाखवलं. त्याने मोठी प्लेट डब्यावर पालथी घातली, दोन्ही हातांनी धरून डबा उलटा केला आणि ऐटीत वर उचलला.

वीट आली नाही. आधी पाणी आलं, फाटलेल्या दुधाच्या गुठळ्यांसकट. मग खिमा आला, सुटा सुटा. सॉस सगळ्यांच्या खाली दबला आणि प्लेटच्या कडेने टेबलक्लॉथवर उतरला. चीज डब्याच्या तळाला चिकटून राहिलं. ते सगळ्यांत शहाणं.

त्याने चमच्याने वाढलं. चमच्याने काय, डावाने.

मुलगा जन्मभर या बापाच्या हाताखाली वाढलेला. तो म्हणाला, “मस्त झालंय, बाबा.” वर मान न करता.

“मस्त?” मी म्हटलं. “डोळे तपासून घे. अरे, हे खायचं की प्यायचं?”

काटा गप्प. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा. माझ्या मनात आलं, जमतंय की याला!

“वाटी देतोस का मला?” मी आणखी डिवचलं. तरी गप्प. मानेची शीर तेवढी उडत होती. सून प्लेटमध्ये काटा फिरवून काही तरी शोधत होती, तिला ते सापडत नव्हतं.

मग त्याच्या बायकोने चमचा उचलला. घास घेतला. डोळे मिटले. जीभ टाळ्याला लावली.

“किंचित...” ती म्हणाली.

आणि थांबली. त्याच्यासारखीच थांबली. बराच वेळ.

“किंचित पातळ झालंय.”

“किंचित?” त्याचा आवाज असा फुटला की मुलाच्या हातातला चमचा पडला. “याला किंचित म्हणतेस? वाहतंय ते! टेबलावरून खाली चाललंय! नापास असेल तर सरळ नापास म्हणावं माणसाने. हे किंचित किंचित करत सुया कसल्या टोचत बसतेस? समोरच्याने दिवसभर...”

इथे तो थांबला. तोंड उघडंच. समोरच्याने दिवसभर काय, ते त्याला स्वतःलाच ऐकू आलं. इतकी वर्षं निरनिराळी पारडी तपासली, पण हे पारडं त्याच्या तपासणीत कधी आलं नव्हतं. तो खुर्चीवर बसला. ॲप्रनला हात पुसत राहिला, हात कोरडे झाले तरी.

पैज हरला होता. चकार शब्द बोलायचा नव्हता, याने भाषण केलं होतं. आणि बायकोचा हात पर्सवर गेला होता.

सुनेला राहवेना. “पण बाबा, पाव कुठाय यात?”

“पाव आहे की. पाव लिटर.”

“काय पाव लिटर?”

“दूध! तूच म्हणालीस, पाव दुधात भिजवून ठेवा.”

“अहो बाबा, पाव! पाव! बेकरीतला! खायचा!”

“मग लादीपाव म्हणायचं, ब्रेड म्हणायचं. नुसतं पाव काय? कशाचा पाव? एककाशिवाय आकडा सांगत नाहीत.”

“मी कुठे आकडा सांगितला?”

त्याच्या बायकोला आधी उचकी लागली असं वाटलं. मग कळलं, ती हसतेय. पर्स मांडीवरून घसरून खाली पडली, तिने उचललीही नाही. “खिमा... दुधात... दिवसभर...” एवढंच तिला बोलता येत होतं. मुलगाही हसायला लागला, मोकळा, लहानपणी या टेबलावर कधी हसला नव्हता तसा. सगळ्यांत शेवटी काटा हसला. किंचित.

हसून झाल्यावर तिने डोळे पुसले. “पैज तुम्ही हरलात.”

“हरलो,” तो म्हणाला. पुढे काही जोडलं नाही. हे मी याआधी कधी पाहिलं नव्हतं.

“पण तुम्हाला कळलं.”

“हो.”

“मग येते. रविवारी. पण संध्याकाळचा स्वयंपाक तुमच्याकडे. मी जेवेन आणि जे वाटेल ते सरळ सांगेन. चांगलं तर चांगलं, वाईट तर वाईट.”

“आणि सकाळचा?”

“सकाळचा मी करीन. तुम्ही जेवाल, आणि काहीच सांगणार नाही.”

यावर वाटाघाटीची भाषा त्याच्या ओठावर आली होती, पण त्याने ती आत ढकलली. रविवारी ती आली. संध्याकाळी त्याने केलेलं तिने चाखलं, म्हणाली, “वाईट.” आणि दोघं जेवले.

तर ही खरी हकीकत, काट्या. आता पुन्हा तुला ‘तू’ म्हणते. त्या रात्री मला दारापर्यंत सोडायला आलास तेव्हा तूच म्हणालास, “ताई, रोज त्या बेकरीवाल्याच्या तोंडी लागायचं मला जमणार नाही. स्वतःचा ओव्हन घ्यायचा. तू चल माझ्याबरोबर. मी एकटा गेलो तर दुकानदार जुना राग काढून काहीतरी भलतंच गळ्यात मारतील.” मी म्हटलं, बुधवारी जाऊ. बुधवारी माझा गुडघा धरला. पुढच्या बुधवारी तू म्हणालास, आधी ओट्याचं माप घेऊ दे. त्यानंतर कुणीच विषय काढला नाही. तू आपला गॅसवर जाळतोयस आणि ती ‘वाईट’ म्हणतेय, कधी ‘बरं’ म्हणतेय. मी ओव्हनच्या दुकानावरून आठवड्यातून दोनदा जाते. आत शिरलेले नाही. माप घेतलंस का रे?