गुलछडीचं पाणी

गंगापूर रोडच्या मागल्या अंगाला रंगनाथचा गुलछडीचा मळा होता. माणूस कष्टाळू, मनानं उमदा, पण डोकं असं की तव्यावर पाणी टाकावं आणि चर्र व्हावं.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात त्याच्या विहिरीनं तळ दाखवला. आपण पाच हॉर्सपॉवरची मोटर बसवून ती दिवसभर पळवतो, हे गडी सोयीनं विसरला. चढावर शेजारच्या खंडेरावनं नवी विहीर खणली होती, ती मात्र डोळ्यात सलली. "माझं पाणी वढतोय त्यो!" असं तो न्हाव्याच्या दुकानापासून फूलबाजारापर्यंत सांगत सुटला.

आता खंडेराव म्हणजे लंगोटीयार. त्याची भाग्यश्री रंगनाथच्या खांद्यावर खेळून मोठी झालेली. तिच्या लग्नाचे हार माझ्याच मळ्यातले, हे त्यानं ती पाळण्यात असतानाच जाहीर केलेलं. लग्न पंधरवड्यावर आलं आणि रंगनाथ गरजला, "एक फूल जायचं नाय!" बोलून बसला, आणि त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागेना.

खंडेराव थंड डोक्याचा. लग्नाच्या आचाऱ्याकडून त्यानं बर्फीचा हिरवा रंग आणला आणि चार लोकांदेखत आपल्या विहिरीत ओतला.

"रंग्या, मी तुझं पाणी वढत असंल तर रंग माझ्याकडंच राहील. तुझ्याकडं उतरला, तर कोण कुणाचं पितं ते कळंल."

"खडकातून पाणी चालत येतंय व्हय? त्याला काय पाय हाईत?"

"मंग त्याच्याकडं जाताना बरे पाय फुटले?" रंगनाथची बायको भागीबाई म्हणाली. लोक खो खो हसले.

रोज सकाळी तो विहिरीत वाकून बघायचा. पाणी नितळ! तो मिशीत हसायचा, आणि लग्न आठवलं की तोंड पाडायचा.

लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीकडे बघायचं भानच राहिलं नाही. दिवेलागणीला त्यानं मळ्यातल्या सरस काड्या निवडून कापल्या आणि दुपारी मोटरीनं भरलेल्या हौदातलं पाणी घेऊन बादलीत उभ्या केल्या.

"बाजारासाठी," तो म्हणाला.

"व्हय तर," भागीबाई म्हणाली आणि हार ओवायची सुई शोधू लागली.

सकाळी बघतो तर काय! पांढऱ्याशुभ्र गुलछडीच्या पाकळ्या हिरव्या झालेल्या. काड्यांनी रातोरात पाणी पिऊन रंग वर चढवला होता. रंगनाथनं धावत जाऊन मोटर चालू केली. पाइपातून हिरवी धार पडली.

आता त्याच्या डोक्यात उजेड पडला. खंडेरावच्या मुरमाड चढावर पडलेला पाऊस खडकाच्या भेगाभेगांतून झिरपत, उताराचा माग काढत वर्षानुवर्षं रंगनाथच्याच विहिरीत उतरत होता. पाणी वाहत होतं, त्याला मालक कुठला! आणि आपण यारालाच चोर म्हटलं! त्याची त्यालाच लाज वाटली.

मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत तो हार घेऊन मांडवात शिरला.

"रंग्या, हार हिरवे रे?" खंडेरावनं विचारलं.

"तुझंच पाणी हाय, खंडू." रंगनाथनं हार पुढे केले. "माझा मळा आजवर त्याच्यावरच पोसला. मला माफ कर."

खंडेरावनं डोळे पुसले, हार नाकाशी नेला आणि म्हणाला, "वास मात्र तुझ्या मळ्याचाच हाय. आता तेवढी मोटर आवर, गड्या. पोरीच्या पोराच्या बारशालाबी हार लागतील."