ओळीनंतरची जागा

माझी लेक स्वतःच गाणी लिहिती, स्वतःच चाल लावती आणि गिटारवर म्हणती. पण त्याला गाणं म्हणावं का, हे मला अजून उमजलेलं नाय. ना ध्रुपद, ना तान. "दूध उतू गेलं, ओटा पुसायचा राहून गेला." आता हे काय गाणं झालं? बरं, एक ओळ म्हणती की गप्प. नुसती बोटं तारांवर. मग दुसरी ओळ. मागच्या वर्षी मी वैतागून म्हणलो, "गाती का आठवती गं?" झालं! तवापासनं घरात तिचं गाणं बंद. गिटार घेऊन मैत्रिणीकडं जाती. घर लई सुनं वाटतं, पण बापानं लेकीपुढं चुकलो म्हणायचं कसं? माझं तोंडच उघडंना.

परवा रविवारी दुपारी क्रांती चौकाजवळच्या कॅफेत तिचं गाणं होतं. मला बोलावणं नव्हतं, तरी गेलो. पोरंपोरी कॉफी पुढं घेऊन चिडीचूप बसलेली. तिनं दुधाची ओळ म्हणली, थांबली, आणि तीच ओळ माझ्या तोंडून खणखणीत बाहेर पडली, टाळीसकट! बिडकीनच्या भजनी मंडळात वीस वर्षं मी मागं म्हणणारा. बुवानं ओळ टाकायची, आम्ही उचलायची. जित्याची खोड, दुसरं काय! सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं मात्र हसून पुढची ओळ म्हणली आणि माझ्याकडं बघत थांबली. चेष्टा करती का बोलावती, मला काय कळंना. मी खाली मान घालून बसलो.

येताना ती माझ्या स्कूटरवर मागं बसली. सिग्नलला मी न राहवून विचारलं, "मधी मधी थांबती कशाला? शब्द विसरती का?"

"लोक म्हणतात, माझी स्टाइल आहे."

"आणि तू काय म्हणती?"

"बाबा, लहानपणी तुम्ही मला मांडीवर घेऊन भजनाला बसायचा. बुवांची ओळ झाली की तुमचा आवाज यायचा. मला वाटायचं, गाणं असंच असतं, एक ओळ गाणाऱ्याची, एक तुमची. तुमची जागा सोडूनच लिहिते मी. तुम्ही कधी म्हणतच नाही."

सिग्नल सुटला, मागचे हॉर्न मारायला लागले. मी गाडी कडेला घेतली. म्हणलं, "चुकलो गं. ते दुधाचं म्हण बरं एकदा."

तिनं तिथंच, माझ्या पाठीशी, हळूच ओळ म्हणली आणि थांबली. वीस वर्षं बुवांची ओळ उचलली, पण तवा लेकीची काय मला उचलंना.