मोतीरामांच्या चपला

आमच्या सिडकोतल्या गल्लीत चोर विमलाबाई गांगुर्ड्यांचं घर सोडून बाकी कुठेही शिरला असता. खरं म्हणजे त्यांच्याइतकी एकटी बाई अख्ख्या गल्लीत नव्हती. नवरा मोतीराम ओझरच्या विमानाच्या कारखान्यात. चौऱ्याण्णव साली कारखान्याच्या बसमधून उतरले ते छाती धरूनच, आणि संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. एकुलती एक सुवर्णा, ती देवळ्याला कांदेवाल्यांच्या घरात दिलेली. मागे उरल्या दोन खोल्या, पुढची पायरी आणि विमलाबाई.

त्याच सुमारास आमच्याकडे दिवसाढवळ्या घरफोड्या सुरू झाल्या. पुरुष कामावर, बाई भाजीला गेली की कुलूप तुटलेलं. मग चौकीच्या भिमाजी हवालदारांनी गणपती मंडळाच्या शेडमध्ये बायकांची मीटिंग घेतली. सडपातळ माणूस, सायकलवर फिरायचा, मिशी मात्र इन्स्पेक्टरला शोभेल अशी.

"घर रिकामं हाय असं दिसू द्यायचं नाय," त्यांनी बजावलं. "दोरीवर कपडे ठेवा, रेडिओ लावून ठेवा. एकटी बाई असंल तिनं दारात पुरुषाच्या चपला ठेवायच्या."

आम्ही चहा प्यायलो, बिस्किटं खाल्ली आणि ऐकलेलं तिथेच सोडून आलो. मनावर घेतलं ते एकट्या विमलाबाईंनी. कोणाला तरी देऊन टाकायला काढलेल्या मोतीरामांच्या चपला त्यांनी पुसून पायरीवर मांडल्या. दोरीवर साडीशेजारी त्यांचा निळा शर्ट आला. सकाळी उठल्यापासून रेडिओ असा मोठा, की शेजारच्या सगुणाबाई नाक मुरडायच्या. दारावर साबण विकणारा आला, की विमलाबाई आत तोंड करून खणखणीत हाक मारायच्या, "अहो, बघा बरं कोण आलंय!" साबणवाला काढता पाय घ्यायचा.

मी समोरच राहते, त्यामुळे मला एक गोष्ट दिसायची. हाक मारून झाली, साबणवाला गेला, तरी विमलाबाई थोडा वेळ आतच बघत उभ्या राहायच्या. मग दार लावून घ्यायच्या.

पण त्यांचा तोरा काय विचारता! पुढच्या मीटिंगांना हवालदार त्यांनाच उभं करायचे. "चपला नुसत्या ठेवून चालत नाहीत," त्या आम्हाला शिकवायच्या, "धूळ बसली की चोराला कळतं. रोज हलवायला पाहिजेत." स्वतः त्या रोज सकाळी चपला फिरवायच्या. एक दिवस बोटं रस्त्याकडे, एक दिवस दाराकडे. म्हणजे माणूस गेला आणि आला. आम्ही हसायचो. मागून तर फारच हसायचो.

वर्षं गेली. गल्लीत सगळ्यांनी वर मजले चढवले, दारांना लोखंडी जाळ्या आल्या. पूर्वी पायरीवर बसून लसूण सोलणाऱ्या बायका आता मालिका बघत आत बसायला लागल्या. विमलाबाईंकडे जायला कोणाला फुरसत नव्हती, आणि गरजही वाटत नव्हती. घर कसं भरल्यासारखं दिसायचं! रेडिओ चालू, कपडे वाळत, दारात दोन जोड.

दोन हजार सहाच्या थंडीत एका सकाळी त्या मोरीत पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. दाराला आतून कडी, रेडिओ जोरात. त्यांनी हाका मारल्या. सगुणाबाईंना रेडिओच्या आवाजात एकदा "अहो, कोण आहे" असं ऐकू आलंसुद्धा. त्या मनात म्हणाल्या, आला वाटतं कोणी विकणारा, आणि पोळ्या लाटत राहिल्या. आम्ही सगळे दिवसभर त्या दारावरून आलो, गेलो. रात्र झाली. कोणालाही चुकल्यासारखं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिमाजी हवालदार नेहमीसारखे सायकलवरून चालले होते. विमलाबाईंच्या दाराशी ते थांबले, उतरले आणि कडी वाजवायला लागले. मी बाहेर आले.

"काय झालं हवालदार?"

"राखीची आई, चपला बघा. काल बोटं रस्त्याकडं व्हती, आजबी रस्त्याकडंच हायेत."

मी वाकून चपलांकडे बघितलं. त्यांनी हाका मारल्या. आतून फक्त गाणं. मग काय सुचलं कोणास ठाऊक, त्यांनी पायरीजवळच्या मीटरच्या पेटीतला फ्यूज ओढून काढला. रेडिओ गप्प झाला. आणि त्या शांततेत आम्हाला विमलाबाईंचं कण्हणं ऐकू आलं. हवालदारांनी खांदा लावून दार पाडलं.

ऑपरेशन झालं आणि सुवर्णा आईला देवळ्याला घेऊन गेली. उन्हाळा सरता सरता विमलाबाई काठी टेकत परत आल्या. "तिथं सगळी शेतात जातात गं. तिथंही भिंतीच," म्हणाल्या. तोपर्यंत भिमाजी रिटायर होऊन विंचूरला गावी निघून गेले होते. नवा पोलीस मोटारसायकलवरून येतो, काळा चष्मा लावून सरळ पुढे बघत जातो.

मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "त्यांना कळलं कसं गं?" मी चपलांचं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे एवढी वर्षं ते बघत होते?"

"रोज, असं म्हणाले."

"मग मला सांगायचं तरी!" त्यांचा आवाज फुटला. "रोज सकाळी त्या चपला फिरवायचे आणि मनात म्हणायचे, विमले, कोणासाठी करतेस गं हे? चोरसुद्धा तुझ्याकडे बघत नाही. कोणीतरी बघतंय हे कळलं असतं, तर एवढी एकटी नसते पडले मी."

त्यांनी पदराने डोळे पुसले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग काठी घेऊन उठल्या, पायरीवरच्या मोतीरामांच्या चपला वाकून उचलल्या आणि आत खाटेखाली सरकवल्या.

"अहो विमलाबाई, राहू द्या की," मी म्हटलं. "चोराचिलटांचे दिवस आहेत."

"येऊ दे चोर," त्या म्हणाल्या. "बाई एकटी राहते, हे आता शेजाऱ्यांना कळू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडायला बाहेर आले. त्यांचा रेडिओ बंद होता. पायरीवर त्यांच्या एकटीच्या चपला होत्या, बोटं माझ्या दाराकडे केलेली. मी झाडू तिथेच टाकला, रस्ता ओलांडला आणि कडी वाजवून म्हटलं, "विमलाबाई, बघितल्या हो."