कुळात की कुळांत

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. ह्यांनाही नाही — आणि ह्यांना मी नको ते सगळं सांगते, ऑफिसात कोण कुणाशी बोलेनासं झालंय इथपर्यंत. हे सांगायचं मनात आलं की मला एकदम कामं सुचतात. ओटा पुसायचा असतो, पडदे धुवायला टाकायचे असतात. आत्तासुद्धा बसण्यापूर्वी मी सगळे मसाल्याचे डबे पुसून ठेवलेत.

तर अण्णांपासून सुरू करते. ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर ते दर हिवाळ्यात गावाहून आमच्याकडे दुबईला यायचे. आम्ही तेव्हा बर दुबईत राहायचो, देवळाच्या गल्लीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. संध्याकाळ झाली की अण्णा कानटोपी चढवून खाडीवर निघायचे. आजूबाजूला सगळे टी-शर्टात, आणि हे महाबळेश्वरला आल्यासारखे. अब्रेत, म्हणजे तिथल्या लाकडी होडीत, बसून पलीकडे जायचे, चहा प्यायचे, परत यायचे. अब्रा चालवणाऱ्या बंगाली माणसाला ते चक्क मालवणीत सूचना द्यायचे आणि तोही मान हलवून ‘ठीक है चाचा’ म्हणायचा. मला त्यांची लाज वाटायची तेव्हा. आता कुठे कानटोपी दिसली तरी मी वळून बघते.

रात्रीची जेवणं लवकर उरकून आम्ही फरशीवर मोठा कागद पसरायचो. वंशावळ काढायची होती. अण्णा सांगणार, मी लिहिणार, आणि माझी लेक सई — तेव्हा शाळेत होती — रंगीत पेनांनी चौकटी काढणार. सगळ्यात वरची चौकट रामजीची. रामजी म्हणजे अण्णांचे पणजोबा, तळकोकणातला शेतकरी. त्याने म्हणे उघड्याबोडक्या डोंगराला पायऱ्या पाडल्या, दगडाचे बांध घातले आणि भाताचे कुणगे तयार केले. कुणगा म्हणजे आमच्याकडे शेताचा लहानसा तुकडा. प्रत्येकाला नाव. वाकडा कुणगा, जांभळीचा कुणगा, म्हातारीचा कुणगा. अण्णा डोळे मिटून वरून खालपर्यंत एकेक नाव घ्यायचे, जणू पायांनी उतरतायत. सईला ती सगळी पाठ झाली होती. जिने शेत कधी पाहिलं नाही, ती पोरगी ‘वाकडा कुणगा’ असं इंग्रजी जिभेने म्हणायची आणि अण्णा खूश. काय दिवस होते ते! पुढे आम्ही दुबईतच सिलिकॉन ओएसिसला मोठ्या घरात आलो, कागदाला डायनिंग टेबल मिळालं, पण फरशीवरची मजा काही आली नाही.

दत्ता आमच्या घरात येऊ लागला तो इथेच. आमच्याच गावचा, खालच्या वाडीतला. खोर फक्कानच्या बंदरात क्रेनच्या मेंटेनन्सला आहे. अण्णा आलेत म्हटलं की सुट्टीच्या दिवशी डोंगरातल्या रस्त्याने गाडी हाणत यायचा, डब्यात बर्फ आणि बर्फात बांगडे. “अण्णानू, ताजे आसत,” एवढं बोलून डबा ओट्यावर ठेवायचा. मग डायनिंगच्या खुर्चीवर बसायचा. सोफ्यावर कधी नाही. मी त्याला सोफ्यावर बस असं कधी म्हटलं का? नाही म्हटलं. मला वाटायचं, ही त्याची रीत.

अण्णांनी सईला त्याची ओळख करून दिली — हा आपल्या कुळांपैकी. सईने वर पाहिलं. “कूळ मीन्स फॅमिली, राइट? सो ही इज फॅमिली?”

आम्ही इतके हसलो. मग मी तिला समजावलं की कूळ दोन असतात. एक आपलं घराणं, आणि दुसरं म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. दत्ताची माणसं आमची जमीन कसायची, म्हणून कुळं. कायदा आला तेव्हा कसणाऱ्यांच्या जमिनी त्यांच्या नावावर झाल्या, म्हणजे जमिनीचं भांडण केव्हाच खलास झालेलं होतं. आता तो शब्द फक्त म्हणायला उरला होता. दत्ताही हसला त्या दिवशी. हसेल नाही तर काय करेल?

आता भिकाजीकाका. दत्ताचे वडील, अण्णांच्याच वयाचे. त्यांचं म्हणणं असं की त्यांचा पूर्वज भिवा हा रामजीचा सख्खा थोरला मुलगा. आडनाव एकच, पण गावात अर्ध्या लोकांचं तेच आहे, त्याने काही सिद्ध होत नाही. तरुणपणी कधीतरी ते हे देवळात गावकीच्या बैठकीत उभं राहून बोलले. अण्णा तिथेच होते. अण्णा म्हणाले, “आज रामजी तुझो, उद्या देवळाचो कळस तुझो.” सगळी बैठक खो खो हसली, आणि तेव्हापासून पोरंटोरं भिकाजीकाकांना ‘रामजीचो नातू’ म्हणून चिडवायची. अण्णा हा किस्सा फार रंगवून सांगायचे. भिकाजीकाकांची नक्कलही करायचे, हात कसे थरथरत होते त्याची. आम्ही पोट धरून हसायचो. दत्ता नसताना, अर्थात.

वंशावळ अडली होती ती रामजीपाशी. त्याच्याबद्दल कागद काहीच नव्हता, सगळं ऐकीव. म्हणून एका सुट्टीत मी गावाला जायचं ठरवलं. चुलतभावाकडे एका पेटाऱ्यात मोडीतले जुने कागद होते, ते वाचून घ्यायचे. निघण्यापूर्वी दत्ता भेटायला आला, आणि जाताना लिफ्टपाशी थांबला. “ताई, भिवाचा नाव खंय दिसला तर बघशात? बापाशीक सांगूचा आसा.” वडिलांना सांगायचंय, एवढंच. मी म्हटलं, बघते ना, इन्शाल्ला. इथे आपण सगळेच म्हणतो तसं.

तालुक्याच्या गावी एक निवृत्त मास्तर मोडी वाचतात. त्यांच्या ओसरीवर दोन दिवस बसले. ते वाचत होते, मी लिहून घेत होते. रामजी सापडला. सही येत नव्हती त्याला, नावाशेजारी नांगराचं चित्र — शेतकऱ्याची निशाणी. चार रेघांचा नांगर. मी त्यावर बोट ठेवलं आणि मला रडूच आलं. ह्या माणसाचे हात ह्या कागदाला लागले असतील?

पुढच्या एका कागदात त्याची मुलं होती. दोन. भिवा थोरला, गोविंद धाकटा.

गोविंद म्हणजे आम्ही.

आणि त्यानंतरच्या कागदांत सगळे कुणगे एकट्या गोविंदाच्या नावावर, आणि भिवाच्या नावापुढे एक शब्द — कूळ. आपल्याच बापाने बांधलेल्या बांधांवर थोरला मुलगा कूळ. कसा झाला? मोजणीवाले आले तेव्हा तो गावात नव्हता का? आई वेगळी होती का? की सरळसरळ धाकट्याने फसवलं? कागद सांगत नाही. मास्तरांनी सहज विचारलं, ह्या पानाचा फोटो घेता ना? मी इथे एचआरमध्ये आहे. दुसऱ्यांचे दाखले खरे की खोटे हे बघण्यात माझी हयात गेली. मी म्हटलं, हो, घेते. आणि फोन पर्समध्ये टाकला.

परत आले तेव्हा अण्णा दारातच उभे होते. मी त्यांना नांगराचा फोटो दाखवला. कितीतरी वेळ तो मोठा करून बघत होते. मग म्हणाले, आपल्या कागदावर वर हा काढ. मी काढला. खाली एकच रेघ ओढली, गोविंदाकडे.

त्याच आठवड्यात दत्ता आला. अण्णांना बरं नव्हतं, ते आतल्या खोलीत झोपले होते. सई कॉलेजला, हे ऑफिसला. दत्ताने बांगडे ठेवले, खुर्चीत बसला आणि काही न विचारता त्याने गावी व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्या हातात दिला. भिकाजीकाका खाटेवर होते, उशीला टेकून बसवलेले. किती वाळले होते! मला बघून त्यांनी आधी टोपी सारखी केली.

“बाय, आमचो भिवा गावलो?”

सापडला का, म्हणून विचारत होते. आणि माझ्या तोंडून निघालं, “हो काका. भिवाचं नाव कुळांत आहे.”

मला म्हणायचं होतं — कसणाऱ्या कुळांच्या यादीत आहे. ते मी विमानातच ठरवून टाकलं होतं, तेवढंच सांगायचं. खोटंही नाही. पण तो अनुस्वार लिहितानाच असतो हो, बोलताना कुठे ऐकू येतो? त्यांनी ऐकलं, कुळात आहे. घराण्यात आहे. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, माझ्याकडे नाही, वर कुठेतरी बघत. माझ्या बाजूला दत्ता उभा राहिला होता.

मला काहीच करावं लागणार नव्हतं. फक्त गप्प बसलं की झालं असतं. जे खरं होतं ते माझ्या हातून चुकून सांगून झालं होतं. आणि ते ऐकायला घरात जागं असं तिसरं कुणी नव्हतं.

मी म्हटलं, “तसं नाही काका. कुळांमध्ये म्हणजे जमीन कसणाऱ्यांत. घरच्या नावांत नाही. मी सगळं नीट बघितलं.”

त्यांनी हात खाली घेतले. “बरां,” म्हणाले. मग मला विचारलं, जेवलीस काय. दत्ताने फोन घेतला.

अण्णांसाठी केलं म्हणू? अण्णांना ते कळलंही नसतं. जमीन जायची होती? नव्हती. मला रामजी आमचाच हवा होता, आणि मला वरच्या घरातली राहायचं होतं. दुसरं काही शोधून सापडत नाही, आणि शोधलंय मी पुष्कळ. भिकाजीकाका दिवाळीच्या आत गेले.

त्यानंतर दोन वर्षांनी अण्णा गेले, इथेच, माझ्या घरी. दत्ता डबल ड्यूटी सोडून आला, खांदा दिला, सगळ्या परवानग्यांसाठी ह्यांच्याबरोबर फिरला. सगळं आटोपून आम्ही परत आलो आणि तो हॉलमध्ये उभा राहिला.

एक सांगायचं राहिलंच. आमच्या घरात कुणी गेलं की खालच्या वाडीतलं दत्ताचं घर सुतक धरायचं. दहा दिवस देवपूजा बंद, पुरुष डोकी भादरणार. फक्त रक्ताचे भाऊबंद धरतात तसं. आमची माणसं म्हणायची, जुनी कुळं आहेत, मान राखतात. त्यांच्याकडे कुणी गेलं तर आम्ही कधी एक दिवस धरलं नाही. भिकाजीकाका गेले तेव्हा, सगळं माहीत असून, मी त्याच आठवड्यात सत्यनारायण घातला होता.

दत्ताने विचारलं, “ताई, आमका सुतक लागता काय?”

त्याच्या वडिलांनी हे कधी कुणाला विचारलं नसतं. धरलं असतं. पण आता मी कागद बघून आलेली होते ना.

मी म्हटलं, “नाही. तुम्हाला लागत नाही.”

तो बाहेर पॅसेजमध्ये गेला. दार उघडंच होतं. गावी भावाला फोन लागला होता. “पाळू नकात,” तो सांगत होता. “नाय नाय, न्हाव्याक परत धाड. ताईन सांगल्यान, आपणाक लागना नाय.”

रामजीच्या थोरल्या घराने आमचं सुतक धरणं त्या दिवशी बंद केलं. माझ्या सांगण्यावरून.